इनपुटपाशी अडलेली गाडी: पुण्यातल्या एका लॅबमध्ये ब्राउझरमधलं पायथन

पार्श्वभूमी

हे प्रकरण पुण्यातल्या एका छोट्या महाविद्यालयाच्या कॉम्प्युटर लॅबचं आहे. नाव देत नाही, आणि ओळख पटेल असे दोन-तीन तपशील मुद्दाम बदललेत. मी तिथं सीएचबीवर होतो, म्हणजे तासाप्रमाणे मानधन. लॅब बंद तर तास नाही, तास नाही तर मानधन नाही. तेव्हा या सगळ्यात माझा स्वार्थ होता, हे आधीच सांगून टाकतो.

लॅबमध्ये २४ मशीन. ४ जीबी रॅम, विंडोज ७. सकाळी कॉमर्सची मुलं तिथंच टॅली शिकायची, दुपारी आमची बॅच. प्रत्येक मशीनवर एक 'गोठवणारं' सॉफ्टवेअर होतं. रीस्टार्ट केलं की सी ड्राइव्ह पुन्हा होता तसा. व्हायरस, गेम, कुणीतरी लावलेला वॉलपेपर, सगळं साफ. डी ड्राइव्ह तेवढा मोकळा. ॲडमिनचा पासवर्ड एएमसीवाल्याकडे, म्हणजे वार्षिक देखभालीचं कंत्राट असलेल्याकडे, आणि एएमसीवाला महिन्यातून एकदा, तोही फोन केल्यावर.

या मशीनवर पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेची आवृत्ती होती ३.४. पहिल्याच प्रॅक्टिकलला एफ-स्ट्रिंग (मजकुरात थेट व्हेरिएबलची किंमत घालायची पद्धत) होती, आणि ती भाषेत आली ३.६ पासून. फळ्यावर लिहिलेलं मुलांनी जसंच्या तसं टाइप केलं आणि २४ स्क्रीनवर 'सिंटॅक्स एरर' आला. पहिल्या दिवशी मुलं काय शिकली, तर सरांचं चुकतं.

अडचण

वरवर पाहता अडचण साधी होती, नवं पायथन हवं. पण विंडोज ७ वर चालणारी शेवटची आवृत्ती ३.८, आणि आमच्या शेवटच्या दोन प्रॅक्टिकलना मॅच-केस (अनेक पर्यायांतून एक निवडायची रचना) लागत होतं, जे ३.१० मध्ये आलं. शिवाय निम्म्या मुलांकडे घरी लॅपटॉप नव्हता, फक्त फोन. लॅबमध्ये एक आणि घरी दुसरंच, असं झालं की सबमिशनच्या आदल्या रात्री मला येणारे मेसेज वाचवत नाहीत.

एचओडी मॅडमनी एकच अट घातली होती. "टॅलीला हात लागता कामा नये, आणि ट्रस्टींकडे या टर्मला पैसे मागायचे नाहीत."

समोर असलेले पर्याय

पहिला, लिनक्स टाकणं. मनापासून मला हेच हवं होतं. टॅलीला विंडोज लागतं, त्यामुळे बारगळलं.

दुसरा, एएमसीवाल्याकडून सगळी मशीन 'वितळवून' ३.८ टाकून घेणं. त्यानं मशीनमागे दर सांगितला, मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, विषय संपला.

तिसरा, फुकटचे ऑनलाइन कंपायलर. यात प्रोग्रॅम दूरच्या सर्व्हरवर चालतो आणि उत्तर परत येतं. एका बॅचला वापरून पाहिला. सगळी लॅब बाहेर एकाच आयपी पत्त्यावरून जाते, त्यामुळे वीस-बावीस जणांनी एकदम 'रन' दाबलं की पलीकडच्याला हल्ला झाल्यासारखं वाटतं आणि तो दार लावून घेतो. दार लावलं यात त्याची चूक नाही.

चौथा पर्याय म्हणजे भाषाच ब्राउझरमध्ये आणणं. पायोडाइड नावाचा प्रकल्प २०१८ मध्ये मोझिलात सुरू झाला आणि २०२१ पासून स्वतंत्रपणे चालतो. सी भाषेत लिहिलेलं मूळ पायथन त्यात एमस्क्रिप्टन हा कंपायलर वापरून वेबअसेम्ब्लीत आणलेलं आहे. वेबअसेम्ब्ली म्हणजे ब्राउझरला थेट कळणारा बाइटकोड, वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेनं डिसेंबर २०१९ मध्ये त्याला अधिकृत मानक म्हणून मान्यता दिली. पान उघडलं की दुभाष्या, म्हणजे पायथनचा इंटरप्रिटर, उतरतो आणि मुलाचा प्रोग्रॅम त्याच्याच मशीनवर चालतो. सर्व्हरवर काहीच चालत नाही, त्यामुळे कुणी कसला का प्रोग्रॅम लिहीना, फार तर त्याचाच टॅब अडकेल.

विंडोज ७ वर क्रोम १०९ पर्यंतच जातं. आमच्या मशीनवर नशिबानं तेच होतं. पायोडाइडची ०.२५ ही आवृत्ती त्यावर चालली, आणि तिच्यात पायथन ३.११. ज्या मशीनवर ३.११ टाकताच येत नाही, त्याच मशीनवर ते ब्राउझरच्या आत पळताना पाहून मी स्टाफरूममध्ये चहा पाजला. तो चहा जरा लवकरच झाला.

पहिली आवृत्ती आणि 'कशातून निवडू?'

एक पान केलं. डावीकडे लिहायची जागा, उजवीकडे उत्तर, वर हिरवं 'रन'. पायोडाइडच्या फाइल लॅबच्या कोपऱ्यातल्या एका जुन्या डेस्कटॉपवर ठेवल्या. त्यावर उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) आणि एन्जिनएक्स हा वेब सर्व्हर. हे आवश्यकच होतं. दुभाष्या आणि त्याची लायब्ररी धरून दहा-पंधरा एमबी होतात, आणि मशीन गोठवलेली असल्यामुळे ब्राउझरनं जपून ठेवलेल्या फाइल (कॅश) रोज पुसल्या जाणार. रोज २४ वेळा १५ एमबी म्हणजे ३६० एमबी. आमच्या २० एमबीपीएसच्या लाइनवर, दुसरं कुणी काही करत नसेल तरच, अडीच मिनिटं. लॅबमधल्या १०० एमबीपीएसच्या स्विचवरून तेच अर्ध्या मिनिटात.

पहिली तीन प्रॅक्टिकल सुरळीत गेली. चौथं होतं बँकेचं, मेनू-ड्रिव्हन. मेनू-ड्रिव्हन प्रोग्रॅम हा आपल्याकडच्या जर्नलचा कणा आहे: १ पैसे भरा, २ पैसे काढा, ३ शिल्लक, ४ बाहेर.

एका मुलीनं रन दाबलं. स्क्रीनच्या मधोमध एक चौकोन उघडला, त्यात 'पर्याय टाका'. उजवीकडची जागा कोरी. ती बराच वेळ थांबली आणि म्हणाली, "सर, कशातून निवडू?"

मेनू छापलेला होता, पण दिसत नव्हता. ब्राउझरच्या टॅबमध्ये पान रंगवणं, माउसची टिचकी ऐकणं आणि प्रोग्रॅम चालवणं ही सगळी कामं एकच मुख्य थ्रेड, म्हणजे कामाची एकच रांग, करतो. पायथन त्या थ्रेडवर बसलं की ते उठेपर्यंत पान रंगवायला कुणी मोकळं नसतं. इनपुट आलं की पायोडाइड ब्राउझरचा तयार प्रश्नचौकोन उघडतं, तेवढा दिसतो. तिनं अंदाजानं १, मग ५००, मग ३, मग ४ असं टाकलं, आणि ४ टाकल्यावर सगळे मेनू, सगळ्या शिल्लका एकदम बदाबदा उजवीकडे येऊन पडल्या. शेजारच्या मुलानं 'व्हाइल ट्रू' या न संपणाऱ्या लूपमधून बाहेर पडायची ओळ लिहिली नव्हती. त्याचा टॅब तिथंच मेला.

माझ्या डोक्यात तोवर 'ब्राउझरमध्ये पायथन चालेल का' एवढाच प्रश्न होता. पण पहिल्या वर्षाच्या मुलाचा प्रोग्रॅम म्हणजे दर दोन ओळींनी थांबून विचारणं. आणि थांबणं हीच गोष्ट ब्राउझरच्या मुख्य थ्रेडला जमत नाही.

निर्णयाची पहिली जागा: थांबायचं कसं

तीन रस्ते होते. एक, स्पर्धा-परीक्षांच्या साइटवर असतं तसं सगळं इनपुट आधीच एका खोक्यात भरून द्यायचं. करायला एका तासाचं काम. पण मेनू बघायच्या आधीच पर्याय लिहून ठेवायचे, हे शिकवताना विचित्र वाटतं. दोन, मुलांना इनपुटच्या आधी 'अवेट' हा 'थांब' सांगणारा जादा शब्द लिहायला लावायचं. म्हणजे पुस्तकात एक पायथन, आमच्या लॅबमध्ये दुसरंच. एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरचे परीक्षक, आले की काय सांगणार?

तिसरा रस्ता योग्य आणि लांबचा. पायथनला वेब वर्करमध्ये, म्हणजे बाजूच्या थ्रेडवर बसवायचं. मुख्य थ्रेड मोकळा राहतो, छापलेलं लगेच दिसतं, आणि 'थांबवा' बटण दाबलं की वर्कर बंद करता येतो. इनपुट आलं की वर्कर एका सामायिक स्मृतीच्या तुकड्यावर, शेअर्ड अ‍ॅरे बफरवर, झोपी जातो. मुलानं उत्तर टाइप केलं की मुख्य थ्रेड ते त्या तुकड्यात लिहून त्याला उठवतो. पायथनच्या दृष्टीनं इनपुट नेहमीसारखं थांबलं आणि नेहमीसारखं परत आलं.

गणपतीच्या सुट्टीत हे घरी लिहिलं. आरतीच्या मधल्या वेळात, खरंच. माझ्या लॅपटॉपवर बँकेचा प्रोग्रॅम अगदी टर्मिनलवर चालावा तसा चालला.

निर्णयाची दुसरी जागा: घरी चालतं, लॅबमध्ये नाही

सुट्टीनंतर फाइल लॅबच्या सर्व्हरवर टाकल्या आणि पहिल्याच मशीनवर संदेश आला की शेअर्ड अ‍ॅरे बफर उपलब्ध नाही.

यामागे एक इतिहास आहे. जानेवारी २०१८ मध्ये स्पेक्टर ही प्रोसेसरमधली त्रुटी जाहीर झाली, आणि सामायिक स्मृतीतून अचूक घड्याळ बनवून दुसऱ्याची माहिती चोरता येते म्हणून ब्राउझरांनी ही सोय बंद केली. पुढे ती अटींवर परत दिली. पानानं दोन खास हेडर (ब्राउझरसाठीच्या सूचना) पाठवून स्वतःला इतर साइटपासून वेगळं करून घ्यायचं, आणि पान सुरक्षित पत्त्यावरून, म्हणजे एचटीटीपीएसवरून, आलेलं असायचं. हेडर मी लावले होते. पण माझ्या लॅपटॉपवर पत्ता 'लोकलहोस्ट', म्हणजे तेच मशीन, होता, जो ब्राउझर सुरक्षित मानतो, आणि लॅबमध्ये साधं एचटीटीपी आणि पुढे १९२.१६८ नं सुरू होणारा आकडा. तो सुरक्षित नाही, आणि असुरक्षित पत्त्यावरून आलेलं हेडर क्रोम सरळ दुर्लक्षित करतं. ब्राउझरच्या कन्सोलमध्ये, म्हणजे चुका दाखवणाऱ्या खिडकीत, तसं लिहिलेलंही होतं. मी कन्सोल उघडला दुसऱ्या दिवशी.

मग पुन्हा पर्याय. 'हा पत्ता सुरक्षित समज' असं सांगायची सोय क्रोममध्ये आहे, पण रीस्टार्टला पुसली जाणार. स्वतःचं प्रमाणपत्र बनवून प्रत्येक मशीनवर विश्वासू म्हणून नोंदवायचं, तेही पुसलं जाणार. शेवटी मी स्वतःच्या खिशातून एक डोमेन घेतलं, लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं मोफत प्रमाणपत्र डीएनएसमधल्या (नावावरून पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेतल्या) नोंदीच्या आधारे मिळवलं (या पद्धतीत सर्व्हर बाहेरच्या जगाला दिसावा लागत नाही), आणि त्या नावाचा पत्ता म्हणून लॅबमधल्या सर्व्हरचा खासगी आकडा दिला. २४ मशीनना हातही लावावा लागला नाही.

ट्रस्टींकडे पैसे मागायचे नव्हते, ते मागितले नाहीत. खिशातून घालणं बरोबर होतं का, यावर माझं आणि माझ्या बायकोचं अजून एकमत नाही.

हेडर लागू झाले तसं लिहायच्या खोक्यातलं रंगीत संपादन गायब झालं. ते बाहेरच्या साइटवरून येत होतं, आणि खास परवानगी नसलेलं बाहेरचं सगळं नव्या हेडरनं अडवलं. ती फाइलही सर्व्हरवर आणून ठेवली. नेट गेलं की डोमेनचा पत्ताच सापडेना, म्हणून नावावरून पत्ता शोधायचं कामही त्याच डेस्कटॉपवर आणलं.

गुरुवारची गोष्ट

पुण्यात गुरुवार म्हणजे दुरुस्तीचा वार. एका गुरुवारी सकाळी लाइट गेली, दुपारी आली, मशीन चालू झाली आणि पाच मशीनवर आमचं पान उघडेना. लालभडक इशारा, प्रमाणपत्राची तारीख चुकीची. सर्व्हरवर पाहिलं तर प्रमाणपत्र ठणठणीत.

लॅबच्या काकांनी पडद्याच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. "सर, हिच्यात बघा, अजून २००९ चाललंय."

त्या पाच मशीनच्या मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलेला होता. लाइट पूर्ण गेली की घड्याळ मागं जायचं, आणि २००९ मध्ये बसलेल्या मशीनच्या दृष्टीनं आमचं प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलेलं नव्हतं. साध्या एचटीटीपीवर हे कधी कळलंच नसतं. काकांनी त्याच संध्याकाळी घड्याळाच्या दुकानातून पाच सेल आणले आणि स्वतः बसवले. एएमसीवाल्याला सांगितलं नाही.

सी भाषेचं काय

मॅडमना वाटलं, पायथन झालं तर सी पण करू. तोवर सी साठी आमच्याकडे डॉसबॉक्समधलं (जुनं डॉस चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधलं) टर्बो सी हे जुनं कंपायलर होतं, जिथं जर्नलमध्ये आजही 'साइझ ऑफ इंट' चं उत्तर २ येतं, आजच्या कंपायलरसारखं ४ नाही. वेबअसेम्ब्लीत आणलेला क्लँग हा सी चा कंपायलर मी दोन मशीनवर चालवून पाहिला. तो पायथनपेक्षा कितीतरी जड, ४ जीबीत धाप लागते. पण नकार दिला तो वेगळ्या कारणानं.

पॉइंटर शिकवताना मी मुद्दाम नल पॉइंटरमध्ये, म्हणजे कुठंच न रोखलेल्या पत्त्यावर, ५ लिहून दाखवतो. प्रोग्रॅम कोसळायला हवा. ब्राउझरमध्ये तो शांतपणे चालला आणि ५ छापून मोकळा झाला. वेबअसेम्ब्लीत स्मृती म्हणजे शून्यापासून सुरू होणारी एक सलग पट्टी, आणि शून्य हा तिच्यातला कायदेशीर पत्ता. तिथं लिहिलं तर कुणी अडवत नाही. मॅडम टर्बो सी वर वीस वर्षं शिकवत आल्यात. त्या म्हणाल्या, "टर्बो सी निदान शेवटी 'नल पॉइंटर असाइनमेंट' म्हणून ओरडतो तरी!"

सी साठी मग कोपऱ्यातल्या उबुंटूवरच जीसीसी हा सी चा कंपायलर टाकला, आणि मुलं डी ड्राइव्हवरच्या पुट्टीतून (दूरच्या मशीनवर लॉगिन करायच्या छोट्या प्रोग्रॅममधून) तिथं लॉगिन करू लागली. तिसऱ्या आठवड्यात एकानं अनंत लूपमध्ये 'फोर्क' (प्रोग्रॅमची नवी प्रत सुरू करणारी आज्ञा) लिहून सर्व्हर आडवा केला, आणि त्याच सर्व्हरवर पायथनचं पानही होतं. दर खात्यामागे प्रोसेसची मर्यादा मी त्यानंतर घातली. आधी घालायला हवी होती, हे सांगायला नको.

काय साधलं, काय नाही

टर्म पार पडली. प्रॅक्टिकल परीक्षेला पान चाललं, एक्स्टर्नलनी काही विचारलं नाही. घरून वापरायला तेच पान एका फुकट होस्टिंगवर ठेवलं. तिथं हेडर लावता येत नव्हते, म्हणून सर्व्हिस वर्करकरवी (ब्राउझरमध्ये मागे चालणाऱ्या स्क्रिप्टकरवी) पान स्वतःच स्वतःला ते हेडर लावून घेतं. पहिल्या वेळी एकदा आपोआप रीलोड होतं, एवढंच. फोनवर टाइप करणं त्रासाचं, पण मुलं करतात.

सगळ्यात मोठा घोळ फाइलींचा झाला. फाइल हँडलिंगच्या प्रॅक्टिकलला प्रोग्रॅम फाइल उघडतो, लिहितो, वाचतो, सगळं बिनचूक. मग मूल डी ड्राइव्हवर ती फाइल शोधत बसतं. ती फाइल ब्राउझरच्या स्मृतीतल्या एका खोट्या डिस्कवर असते, आणि 'थांबवा' दाबलं की वर्करबरोबर तीही जाते. त्याहून वाईट म्हणजे, मुलांचे प्रोग्रॅम मी सुरुवातीला ब्राउझरच्या साठवणीत ठेवत होतो. गोठवणारं सॉफ्टवेअर मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, तरीही. एका बॅचचं अख्ख्या प्रॅक्टिकलचं काम एका रीस्टार्टमध्ये गेलं. मुलांनी ते पुन्हा टाइप केलं, आणि मी त्या दिवशी कुणालाही उशिरा आल्याबद्दल बोललो नाही. आता दर 'रन' ला प्रोग्रॅमची प्रत रोल नंबरनुसार सर्व्हरवर जाते.

थ्रेडिंगचं प्रॅक्टिकल चाललं नाही, कारण पायोडाइडमध्ये नवा थ्रेड सुरू करता येत नाही. नेटवर्कवरून थेट बोलणारे सॉकेटही नाहीत. डेटाबेसचं मात्र सोपं गेलं. पायथनबरोबर एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस ब्राउझरमध्ये चालतो आणि पहिल्या वर्षाला त्यापुढे काही लागत नाही.

पुन्हा करायचं तर

अभ्यासक्रमातली सगळी प्रॅक्टिकल आधी एका कागदावर लिहीन आणि प्रत्येकापुढे मांडीन की हा प्रोग्रॅम कुठं थांबतो, काय साठवतो, बाहेर कुणाशी बोलतो. मी 'हॅलो' छापून पाहिलं आणि निर्णय घेतला. बँकेचा प्रोग्रॅम पहिल्या दिवशी चालवला असता तर गणपतीपर्यंतचे सहा आठवडे वाचले असते.

चाचणी लॅबच्या मशीनवर, लॅबच्या पत्त्यावरून घेईन. लोकलहोस्टवर चाललं याचा अर्थ माझ्या टेबलावर चाललं, एवढाच.

आणि एक कबुली. डी ड्राइव्ह मोकळा होता. पायथन ३.८ ची पोर्टेबल (इन्स्टॉल न करता चालणारी) प्रत तिथं नुसती कॉपी केली असती तर ना ॲडमिन लागला असता, ना डोमेन. मॅच-केसची दोन प्रॅक्टिकल सोडली तर लॅबचं काम एका दुपारी झालं असतं, आणि फोनवाल्या मुलांसाठी तेवढं ब्राउझरचं पान ठेवलं असतं. हे मला सुचलं डिसेंबरात, परीक्षा संपल्यावर, पुट्टी कॉपी करताना. पुट्टी त्याच ड्राइव्हवर चार महिने होती.

डोमेनचं नूतनीकरण मी यंदाही केलंय. खिडक्या आणि बटणं बनवायची टीकिंटर ही लायब्ररी पायोडाइडमध्ये नाही, त्यामुळे तो धडा स्टाफरूममधल्या माझ्या लॅपटॉपवर, पाच-पाच जणांना बोलावून होतो.